दारूच्या पैशावरची शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दर वर्षी मार्च महिन्यात विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे आपण उघडतो आणि शिक्षणाला किती, आरोग्याला किती, रस्त्यांना किती, हे आकडे वाचतो. मागच्या वर्षापेक्षा आकडा मोठा असेल तर सत्ताधारी टाळ्या वाजवतात. विरोधक म्हणतात, महागाई वजा करा, मग काय उरते ते बघा. दोन दिवस चर्चा होते आणि विषय मिटतो. या सगळ्यात आपण वाचतो ते खर्चाचे पान. जमेचे पान फारसे कोणी वाचत नाही. शाळेला दिलेला रुपया आला कुठून, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

मी कविता लिहिणारा माणूस. आकड्यांशी माझी मैत्री बेताचीच. पण आपल्या मराठी मुलखात शाळा कशा आल्या याचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शिक्षणावरचा प्रत्येक मोठा वाद मुळात जमेच्या पानावरचा वाद होता. मुलांनी शिकावे की नाही, यावर उघड भांडायला फार थोडे लोक पुढे आले. भांडण होते ते पैसा कोणाच्या खिशातून काढायचा यावर.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करू. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक असते. पण त्या निवेदनाचा कणा हिशेबाचा आहे. मुंबई इलाख्यात तेव्हा शेतकरी सारा भरताना रुपयामागे एक आणा लोकल फंड भरत असे. त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते वगैरे कामांसाठी. म्हणजे कुणब्याने शाळेसाठी वेगळा पैसा मोजलेला होता. जोतीरावांचे म्हणणे असे की सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. ज्याने पट्टी भरली त्याच्या गावात शाळा नाही, असा तो ताळेबंद होता. मला तर ही आपल्याकडची अर्थसंकल्पाची पहिली खरी चिकित्सा वाटते, आणि ती केली फुलांचा धंदा असलेल्या घराण्यातल्या माणसाने.

त्यानंतर पुष्कळ वर्षे सरकारचे उत्तर ठरलेले होते: पैसा नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते विधेयक अगदी सावध होते. स्थानिक संस्थांनी हवे तर आपल्या हद्दीत सक्ती करावी, त्यासाठी शिक्षणकर बसवावा, आणि खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा, एवढेच ते मागत होते. महंमद अली जिना यांनीही त्याला पाठिंबा दिला होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. अजून वेळ आलेली नाही आणि खर्च झेपणार नाही, हे सरकारी बाजूचे सांगणे होते.

ज्या काळात इंग्रज सरकारला खर्च झेपत नव्हता, त्याच काळात शेजारच्या संस्थानांत तो झेपत होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे.

शाहू महाराजांचे वेगळेपण असे की त्यांनी पैशाचे जुने पाट वळवले. कोल्हापुरात १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. तिच्या वसतिगृहाचा खर्च भागवायचा कसा? शाहूचरित्रकार नोंदवतात की पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाचे उत्पन्न महाराजांनी मुस्लीम बोर्डिंगकडे लावून दिले आणि रुकडीच्या पिराचे उत्पन्न अंबाबाईच्या देवस्थानाकडे. आजच्या एखाद्या अर्थमंत्र्याने अशी तरतूद सुचवली तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. माझ्यासारख्याला त्यात सलोख्याची गोष्ट तर दिसतेच, पण त्याहून जास्त दिसतो तो हिशेबातला मोकळेपणा. पैसा देवाच्या नावाने पडून आहे ना, मग तो मुलाच्या पोटाला आणि पाटीला लागू दे. कोणत्या देवाचा आणि कोणाचे मूल, ही चौकशी नंतर.

आता येऊ त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी आजचा विषय घेतला.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, आबकारी ही खाती हिंदी मंत्र्यांकडे सोपवण्यात आली. पोलीस, जमीनमहसूल आणि मुख्य म्हणजे वित्त खाते गव्हर्नरच्या राखीव बाजूला राहिले. प्राप्तिकर आणि जकात तर केंद्र सरकारकडेच होती. म्हणजे लोकांनी ज्याची मागणी करायची ती कामे हिंदी मंत्र्यांनी करायची, आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. मंत्र्यांच्या हाती वाढू शकणारे मोठे उत्पन्न एकच होते, ते म्हणजे दारूचे. मुंबई इलाख्याच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा आबकारीतून येत असे. गावात शाळा हवी असेल तर गुत्ता चालला पाहिजे, अशी ही बांधणी होती.

१९३७ च्या निवडणुकांनंतर काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा हे कोडे उघडे पडले. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांना पंतप्रधान म्हणत. शिक्षण खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयेच घ्यायचे, हा काँग्रेसचा दंडक होता. पक्षाची दोन वचने होती. एक, सगळ्या मुलांना शिक्षण. दोन, संपूर्ण दारूबंदी. पहिले वचन पाळायला पैसा लागत होता, आणि दुसरे पाळले की तो पैसाच नाहीसा होणार होता.

गांधीजींना हे कोडे सर्वांत जास्त टोचले. दारूच्या उत्पन्नाखेरीज मुलांच्या शिक्षणाला पैसाच नसावा, ही त्यांना नव्या सुधारणांची क्रूर थट्टा वाटली. त्यांनी काढलेला मार्ग असा: शाळाच स्वावलंबी करा. मुलांनी सूतकताईसारखा हस्तव्यवसाय शिकावा, त्यातूनच भाषा, गणित, इतिहास शिकावा आणि मुलांच्या हातून तयार झालेल्या मालावर शिक्षकाचा पगार निघावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली. खेरांसह काँग्रेस प्रांतांचे शिक्षणमंत्री तिथे होते. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपण ज्याला नई तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण म्हणतो ते तिथून आले. ‘हाताने काम करत शिकणे’ हा तिचा मोठा विचार सर्वांना माहीत आहे. तिचा जन्म एका अर्थसंकल्पी अडचणीतून झाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्याच परिषदेत मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेला कडाडून विरोध केला. मुलांच्या कष्टावर शाळा चालवाल तर ती शाळा राहणार नाही, कारखाना होईल, आणि तिथला माल गावच्या कारागिराच्या पोटावर येईल, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप आजही विचार करण्यासारखा आहे. दारू पिणाऱ्या बापाकडून शाळेचा खर्च घ्यायचा नाही म्हणून तो मुलाच्या टकळीवर टाकायचा, तर गरिबाच्या शाळेचा भार गरिबाच्याच घरात राहतो. श्रीमंताच्या मुलाच्या शाळेला स्वतःचा पगार स्वतः कमवा, असे कोणी सांगितले नव्हते.

शेजारच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात पंडित रविशंकर शुक्लांनी तिसरी वाट काढली. गावातल्या मोठ्या जमीनदारांनी शाळेला जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. योजना हिशेबी होती. पण तिचे नाव ठेवले ‘विद्यामंदिर’. नावातल्या मंदिरावरून मुस्लीम लीगने रान उठवले, आणि जमीन किती मिळाली, शिक्षकाला काय मिळते, मुले किती येतात, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले गेले. मी शब्दांत वावरणारा माणूस असल्यामुळे मला दोन्ही बाजूंचा राग येतो. नाव ठेवणाऱ्यांना दुसरा शब्द सहज सापडला असता. आणि विरोध करणाऱ्यांना आपल्या मुलांच्या शाळेपेक्षा पाटीवरचा शब्द मोठा वाटला.

मुंबईत मात्र खेरांच्या मंत्रिमंडळाने एक धीट पाऊल उचलले. त्यांचे अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. हे गृहस्थ कोल्हापूरचे. शाहू महाराजांच्या सहवासात वावरलेले, पुढे कोल्हापूरचे दिवाणपद सांभाळलेले आणि १९२४ मध्ये महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिलेले. इच्छा असेल तर पैशाचा पाट वळवता येतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

दारूबंदी टप्प्याटप्प्याने आणायचे ठरले. जुलै १९३८ मध्ये अहमदाबादेत ती लागू झाली आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात. बुडणारे उत्पन्न भरून काढायला लठ्ठ्यांनी १९३९ च्या अर्थसंकल्पात नवे कर सुचवले. पेट्रोलवर विक्रीकर आला. आणि मुख्य म्हणजे शहरातल्या घरांवर, इमारतींवर, त्यांच्या वार्षिक भाड्याच्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत मालमत्ता कर आला. जमेच्या पानावर ही मोठीच उलथापालथ होती. आजवर परळच्या गिरणी कामगाराच्या ग्लासातून जो पैसा येत होता, तो आता इमारतीच्या मालकाकडून मागितला जात होता.

मग व्हायचे तेच झाले. घरमालक खवळले. पारशी समाजाच्या हाती ताडी-दारूचा व्यापारही होता आणि मालमत्ताही, त्यामुळे त्यांना दोन्हीकडून झळ लागली. आबकारी आणि आरोग्य खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, त्यांना घरच्यांचाच रोष पत्करावा लागला. मुस्लीम लीगने तर या कराला थेट धर्माचा रंग दिला. युक्तिवाद असा होता: दारू आमच्या धर्मात हरामच आहे, मग ती बंद करण्याची किंमत आम्ही का द्यायची? दारूबंदी लागू झाली त्याच दिवशी मुंबईत करविरोधी निदर्शने झाली.

या प्रसंगाविषयी माझे मत स्पष्ट आहे. कर इमारतीवर होता. तो हिंदू, पारशी, मुसलमान सगळ्या मालकांना सारखाच होता. मदनपुऱ्यातल्या विणकराच्या नावावर कुठली इमारत होती? तो भाडेकरूच होता. मालकाची अडचण सगळ्या समाजाची अडचण म्हणून उभी केली गेली आणि भाडेकरूच्या मुलाच्या शाळेचा विषय कोणी काढलाच नाही. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत अशा युक्त्या सर्वच समाजांत इतक्या वेळा झाल्या आहेत की आपल्याला त्या ओळखू येईनाशा झाल्या.

या प्रयोगाचा शेवट मात्र वेगळ्याच वळणावर झाला. महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दारूबंदी तीन महिने झाली होती. मालमत्ता कराला न्यायालयात आव्हान दिले गेले होते, तिथे तो वैध ठरला. दारूबंदीच्या अधिसूचनेला मात्र १९४० मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले. म्हणजे दारूच्या बदल्यात आणलेला कर कायद्याच्या पुस्तकात राहिला, आणि दारूचे उत्पन्नही परत सुरू झाले. तिजोरीला दोन्ही मिळाले. सार्वत्रिक शिक्षण मात्र स्वातंत्र्यापर्यंत लांबणीवर पडले.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगतो. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. १९५० पासून राज्यभर दारूबंदी आली आणि साठच्या दशकात ती सैल होत गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये शिक्षण उपकराचा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या कामाला लावायचा, असा त्यामागचा सरळ विचार होता. मला हे फार मोलाचे वाटते. कोण देतो आणि कोणाला मिळते, हे त्यात दोघांनाही दिसत होते.

मी स्वतः या जमेच्या पानावरच वाढलो. माझे वडील गवंडीकाम करत. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेल्या आर्थिक मागास सवलतीने, ज्याला आपण सगळे ‘ईबीसी’ म्हणायचो, मला बी. ए. पर्यंत नेले. दर वर्षी उत्पन्नाचा दाखला काढायला वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडायचा, एवढीच काय ती फी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचे दुकान होते. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील संध्याकाळी तिथे दिसत. आज तो हिशेब मांडतो तेव्हा कळते की माझ्या शिक्षकांच्या पगारातले काही पैसे त्या दुकानातून गेले होते. माझ्या मित्रांच्या आयांनी ते घरखर्चातून भरले होते. त्यांच्यापैकी अनेकींची मुले चौथी-सातवीतच शाळा सोडून कामाला लागली. मी पदवीपर्यंत पोचलो. त्यांचे हे देणे कोणत्याच अर्थसंकल्पात नोंदलेले नाही.

आणि आज? २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांच्या हातातले बरेचसे कर त्यात गेले. स्वतःच्या अधिकारात दर वाढवता येतील अशी मोठी साधने थोडी उरली. पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क आणि मद्य. म्हणजे शंभर वर्षांनी आपण पुन्हा त्याच जागी आलो आहोत. केंद्र सरकार प्राप्तिकरावर आरोग्य आणि शिक्षण उपकर घेते, पण उपकराचा पैसा राज्यांबरोबर वाटून घेण्याच्या रकमेत धरला जात नाही. नाव शिक्षणाचे, आणि बहुतेक सरकारी शाळा चालवायच्या राज्यांनी आणि त्यांच्या स्थानिक संस्थांनी.

करोनाच्या काळात हे लख्ख दिसले. मे २०२० मध्ये महसूल हवा म्हणून राज्याच्या अनेक भागांत दारूची दुकाने उघडली. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळांचे दरवाजे उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात तिथल्या बायांच्या मोठ्या लढ्यानंतर दारूबंदी झाली होती, ती २०२१ मध्ये उठवली गेली. अवैध दारू वाढली हे कारण दिले गेले, आणि बुडालेल्या महसुलाचाही दाखला दिला गेला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले, त्यातून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील अशी अपेक्षा सांगण्यात आली. दारू महाग करण्यात वाईट काही नाही. पण सरकारला दर वर्षी तिथूनच जास्त पैसा हवा असेल, तर लोकांनी कमी प्यावे असे त्याला मनापासून कसे वाटेल?

दारूबंदी करा की करू नका, हा आजचा विषय नाही. बंदीचे अनुभव बरेवाईट दोन्ही आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की शाळा आणि दवाखाना या गोष्टी माणसाच्या व्यसनावर अवलंबून ठेवू नयेत. लठ्ठ्यांनी १९३९ मध्ये तो धागा तोडून पाहिला. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याने शाळेसाठी द्यावे, असे सांगायचे धाडस केले. ते जमले नाही, याला महायुद्ध आणि कोर्ट ही कारणे आहेतच. पण ज्यांच्या मुलांसाठी हे चालले होते त्यांना कोणी हिशेब समजावून सांगितला नाही, हेही कारण आहे.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये वर्तमानपत्र हातात घ्याल तेव्हा शिक्षणाचा आकडा जरूर वाचा. पण तिथे थांबू नका. पान उलटा आणि जमेच्या बाजूला बघा. जमीन, इमारती, मोठे व्यवहार यांतून किती आले, आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या पेट्रोल-दारूतून किती आले, हे ताडून पाहा. मग आपल्या आमदाराला विचारा. जोतीरावांनी १८८२ मध्ये विचारले होते तेच विचारा: पट्टी कोणी भरली, आणि शाळा कोणाच्या गावात निघाली?